चौथा भाडेकरू बेकायदेशीर कसा झाला? डोंगरालगतच्या विद्यापीठनगरातील भाड्याच्या घराचा इतिहास

परदेशी शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना प्रवेश मिळतो, व्हिसा मिळतो, विमानाचे तिकीटही कसेबसे निघते. गाडी अडते ती राहायच्या खोलीपाशी. आणि विद्यापीठ डोंगर, जंगल, बर्फ यांच्या कुशीत असेल, कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डरसारख्या गावात असेल, तर आधी जाऊन आलेला प्रत्येक जण एकच उत्तर देतो: "अरे, गावच इतके सुंदर आहे, भाडे जास्त असणारच."

हे उत्तर मला मान्य नाही. डोंगर भाडे ठरवत नाही. त्या डोंगराखाली किती घरे बांधू दिली, कोणत्या प्रकारची बांधू दिली आणि त्या घरांत कुणाला कुणासोबत राहू दिले, यावर भाडे ठरते. हे तिन्ही निर्णय माणसांनी घेतले आहेत, आणि त्यांतले बरेचसे रीतसर मतदान करून घेतले आहेत. निसर्गाच्या नावावर खपवलेल्या गोष्टीमागे माणसाचा हात शोधण्याची सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावली. ती सवय इथे उपयोगी पडते.

आधी साधे गणित. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला निर्वाहासाठी वर्षाला १५,४०० डॉलर मिळतात. महिन्याला साधारण १,२८० डॉलर. बोल्डर असो की मैदानी भागातले एखादे स्वस्त गाव, आकडा तोच. त्यातच जेवण, त्यातच भाडे, फोन, थंडीचे कपडे. बोल्डरमध्ये एका बेडरूमचे स्वतंत्र घर एवढ्या रकमेत बसतच नाही. म्हणजे चार-पाच जणांनी मिळून घर घेणे भागच आहे. ज्याच्या बापाने पाठवणी करताना घर गहाण टाकलेले नाही, कारण गहाण टाकायला घरच नव्हते, त्याच्यापुढे दुसरा रस्ता नाही. पण अगदी अलीकडपर्यंत बोल्डरच्या मोठ्या निवासी भागात, एकमेकांशी नाते नसलेल्या चौघांनी एका घरात राहणे हाच नियमभंग होता. घरात पाच बेडरूम असल्या तरीही. असा नियम आला कुठून?

तो शोधायला बोल्डरच्या आधी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला जावे लागते. तेही विद्यापीठाचेच गाव आणि तेही टेकड्यांचे. १९१६ साली बर्कलीने झोनिंगचा कायदा केला आणि एल्मवुड या भागात फक्त 'एक कुटुंब, एक घर' एवढेच बांधायचे असे ठरवले. चाळ नको, अपार्टमेंट नको, भाड्याच्या खोल्या नकोत. अमेरिकेतील एककुटुंब झोनिंगची ही सुरुवात मानली जाते. या कायद्यासाठी झटणाऱ्यांत डंकन मॅकडफी हा जमीन-विकासक पुढे होता. बर्कलीतल्या त्याच्या क्लेअरमॉन्ट वसाहतीच्या खरेदीखतांत गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहू नये अशी अट होती. हाच माणूस पुढे सिएरा क्लब या विख्यात निसर्गप्रेमी संस्थेचा अध्यक्ष झाला. राज्यातली उद्याने उभी करण्यात त्याचा मोठा वाटा आहे आणि सिएरा पर्वतातल्या एका शिखराला त्याचे नाव आहे. मॅकडफी ढोंगी होता असे म्हणून मोकळे होता येत नाही. त्याचे डोंगरावरचे प्रेम खरेच होते. त्या डोंगराच्या पायथ्याशी कुणी राहू नये हेही त्याला तेवढ्याच खरेपणाने वाटत होते.

पुढचे वर्ष १९१७. केंटकीतल्या लुईव्हिल शहराने सरळच कायदा केला होता: ज्या गल्लीत गोरे बहुसंख्य आहेत तिथे काळ्या माणसाने घर घेऊन राहायचे नाही. ५ नोव्हेंबर १९१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. समतेच्या कळवळ्यापेक्षा मालमत्ता विकण्याच्या हक्कावर त्या निकालाची भिस्त होती, हे लक्षात ठेवलेले बरे. त्याआधी जेमतेम दोन महिने, सप्टेंबर १९१७ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात घर शोधत होते. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आपल्यापैकी प्रत्येकाला ती ठाऊक आहे. हिंदू हॉटेल दारात उभे करणार नाही म्हणून पारशी खाणावळीत दिवसाला दीड रुपया देऊन, रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून ते राहिले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले. नंतर एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले, दोघांनीही टोलवले. मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठीबागेत काढला.

आपण या प्रसंगात काठ्या लक्षात ठेवतो. मला मात्र ते रजिस्टर महत्त्वाचे वाटते. छपरासाठी खोटे नाव लिहावे लागणे आणि ते उघड होईल या धास्तीत दहा रात्री काढणे. या मुद्द्याकडे पुन्हा यायचे आहे.

लुईव्हिलच्या निकालानंतर वंशाचे नाव घेऊन झोनिंग करता येईना. मग नाव न घेता करायला सुरुवात झाली. एक मार्ग खासगी करारांचा होता: विकणाराच खरेदीखतात अट घालायचा. तो मार्ग १९४८ पर्यंत चालला. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असे सांगितले, आणि त्या लढाईत वकील म्हणून थरगुड मार्शल उभे होते. दुसरा मार्ग जास्त टिकाऊ निघाला. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात न्यायालयाने झोनिंगला मान्यता दिली आणि निकालात अपार्टमेंट इमारतीला घरांच्या वस्तीवर वाढणाऱ्या बांडगुळाची उपमा दिली. प्लॉट किमान एवढा हवा, उंची कमाल एवढी, एका प्लॉटवर एकच कुटुंब. या भाषेत कुठेही काळा, गोरा, गरीब हे शब्द नाहीत. आपल्याकडे पाटीवर 'फक्त फॅमिलीसाठी' किंवा 'शुद्ध शाकाहारींनाच' लिहिलेले असते, तिथे तरी जात कुठे लिहिलेली असते?

आता बोल्डर. १८५८-५९ च्या सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी हे गाव वसवले. १८५१ च्या फोर्ट लॅरमीच्या तहानुसार ही जमीन अरापाहो आणि शायान लोकांची होती. तिच्यावर कायदेशीर हक्क मिळण्याआधीच फेब्रुवारी १८५९ मध्ये बोल्डर सिटी टाउन कंपनी स्थापून प्लॉट पाडले गेले. एका प्लॉटचा भाव ठेवला एक हजार डॉलर, जो पुढे उतरवावा लागला. भाव चढा ठेवून गावात कोण येईल हे ठरवण्याची खोड म्हणजे गावाइतकीच जुनी! २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक येथे शायान आणि अरापाहो छावणीवर हल्ला करून बायकामुलांसह कत्तल झाली. तीत बोल्डर परिसरातून भरती झालेली तुकडी सामील होती. आज बोल्डरच्या आसपास गावाला, रस्त्याला, कड्याला अरापाहो प्रमुख निवोट याचे नाव सापडते. नाव राहिले, माणसे राहिली नाहीत.

१८७७ मध्ये विद्यापीठ सुरू झाले, १८९८ मध्ये डोंगराच्या पायथ्याशी शोटाक्वा हे उन्हाळी शिक्षण-केंद्र. हवा, डोंगर आणि विद्या या तिन्हींची जाहिरात तेव्हापासूनची. त्याच गावात काळी कुटुंबे कुठे राहत होती? गॉस स्ट्रीट आणि कॅन्यन बुलेव्हार्डच्या मधल्या, 'लिटल रेक्टँगल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकोनी तुकड्यात. बोल्डर क्रीकच्या पुराचे पाणी येण्याची भीती असलेला हा भाग. दुसरीकडे घर मिळणे कठीण, म्हणून तिथे. मेक्सिकन वंशाची कुटुंबेही त्याच बाजूला. खालच्या अंगाला, पाण्याच्या वाटेवर वस्ती का असते हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. १९२४ मध्ये क्लू क्लक्स क्लॅनच्या पाठिंब्यावर कोलोरॅडोचा गव्हर्नर निवडून आला आणि त्याने विद्यापीठातले ज्यू व कॅथलिक प्राध्यापक काढून टाका म्हणून दबाव आणला. अध्यक्ष जॉर्ज नॉर्लिन यांनी तो झुगारला. हे त्यांच्या खात्यावर जमा धरलेच पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर गाव झपाट्याने फुगले. १९५० मध्ये लोकसंख्या वीस हजारांच्या घरात, १९७० मध्ये सदुसष्ट हजारांच्या जवळ. सैन्यातून परतलेले विद्यार्थी, केंद्र सरकारच्या प्रयोगशाळा, मग आयबीएम. डोंगरउतारावर बंगले चढू लागले तेव्हा दोन प्राध्यापकांच्या पुढाकाराने मोहीम उभी राहिली आणि १९५९ मध्ये लोकांनी मतदान करून 'ब्लू लाइन' आखली: समुद्रसपाटीपासून ५,७५० फुटांच्या वर शहराचे पाणी द्यायचे नाही. पाणी नाही म्हणजे घर नाही. १९६७ मध्ये मोकळी जमीन विकत घेण्यासाठी विक्रीकर लावून घेतला. असा कर स्वतःवर लावून घेणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. आज शहराभोवती ४५ हजार एकरांहून अधिक जमीन अशी राखलेली आहे.

याला मी नावे ठेवणार नाही. बिल्डरच्या घशातून डोंगर काढून तो सगळ्यांना फिरायला मोकळा ठेवणे हे मोठे सार्वजनिक काम आहे. आपल्या शहरांतल्या टेकड्यांची अवस्था पाहणाऱ्याला तर हेवाच वाटेल. पण बाहेरून कुंपण घातल्यावर आत दाटीने, उंच, स्वस्त घरे बांधू देणे हा त्याचा उरलेला अर्धा भाग होता. तिथे उलटे झाले. १९७१ मध्ये इमारतींची उंची ५५ फुटांवर रोखली. १९७६ मध्ये डॅनिश प्लॅन आला, तो मांडणाऱ्या पॉल डॅनिश या नगरसेवकाच्या नावाचा: नव्या घरांची वाढ वर्षाला सुमारे दोन टक्के, त्याहून जास्त नाही. बाहेर पसरायचे नाही, वर चढायचे नाही, आत भरायचे नाही. विद्यापीठ मात्र वाढत राहिले. आज तिथे ३५ हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत आणि २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,०८,२५०. भाडेकरूंनी १९८० च्या सुमारास भाडेनियंत्रणाची मागणी मतपत्रिकेपर्यंत नेली, तर १९८१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने संपूर्ण कोलोरॅडोत स्थानिक भाडेनियंत्रणावर बंदीच घातली. घरमालकांची लॉबी किती चपळ असते ते यावरून कळावे.

राहता राहिला एकच उपाय: आहे त्याच घरात जास्त जणांनी राहणे. त्याचीही वाट बंद करणारा निकाल १९७४ मध्ये आला, आणि तोही विद्यार्थ्यांच्याच खटल्यात. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बेल टेर नावाचे छोटे गाव आहे. शेजारच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनी तिथे एक घर भाड्याने घेतले. गावाचा नियम असा: रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तक नाते असेल तर कितीही जण राहा, नाते नसेल तर फक्त दोघे. सर्वोच्च न्यायालयाने नियम उचलून धरला. शांतता, ऐसपैस अंगण, कमी गाड्या हे गावाचे रास्त हेतू आहेत, असा निकालाचा रोख.

हा निकाल लिहिला न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी. नागरी स्वातंत्र्याचे मोठे कैवारी, पट्टीचे गिर्यारोहक, अरण्यांसाठी आयुष्यभर भांडलेला माणूस. दोनच वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, त्यांनी एका भिन्नमतपत्रात झाडांना आणि नद्यांना न्यायालयात स्वतःच्या नावाने उभे राहता आले पाहिजे असे लिहिले होते. झाडाला उभे राहू देणाऱ्या डग्लसना सहा विद्यार्थ्यांचे एक घर मात्र दिसले नाही. आणि त्या निकालात नियमाच्या मुळावर बोट ठेवून विरोधी मत कुणी दिले? थरगुड मार्शल यांनी. १९४८ चे वकील आता न्यायासनावर होते. त्यांचा मुद्दा सोपा होता: गर्दी, गोंगाट, गाड्या याच अडचणी असतील तर त्यांच्यावर नियम करा. दहा नातेवाईक चालतात आणि तीन मित्र चालत नाहीत, यात गर्दीचा काय संबंध?

ज्याला गावकुसाबाहेर राहण्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे त्याला हा नियम कुणासाठी आहे हे लगेच कळते. गोंगाट हा निमित्त असतो.

बोल्डरमध्ये हा आकडा कमी दाटीच्या भागात तीन, काही दाट भागांत चार असा होता. लोक अर्थातच राहत होते. चौघे, पाच, सहा. फक्त भाडेकरारावर तीनच नावे. चौथ्याचे नाव कुठेही नाही. नाव नाही म्हणून भिंतीला बुरशी आली, हीटर बंद पडला तरी शहराच्या खात्याकडे तक्रार करता येत नाही, कारण तपासणीला माणूस आला तर आधी हाच सापडणार. डिपॉझिट त्याने भरलेले, पण पावतीवर दुसऱ्याचे नाव. मालकाला सगळे ठाऊक असते आणि भाडे तो चौघांच्या हिशोबानेच लावतो. बेकायदेशीरपणाचा तोटा सगळा भाडेकरूच्या बाजूला.

बोल्डरचा विद्यार्थी अस्पृश्य नाही, हे स्वच्छ सांगायला हवे. त्याच्या दारात काठ्या घेऊन कुणी येत नाही, आणि दोन्ही दुःखे एका तराजूत घालणे हा बडोद्याचा अपमान ठरेल. पण रजिस्टरचा तुकडा तोच आहे. छपरासाठी आपले खरे नाव लपवायला लावणारी व्यवस्था माणसाचा तक्रार करण्याचा हक्क आधी काढून घेते, मग बाकीचे सगळे आपोआप निघून जाते. त्यात तो चौथा जर व्हिसावर आलेला, नवखा, घरी पैसे मागू न शकणारा असेल तर तो तोंडही उघडत नाही. आणि भारतीयांच्याच घरात खोली शोधायला गेला, तर तिथे आडनाव विचारले जाणार नाही याची खात्री कुणी द्यावी?

२०२१ मध्ये बोल्डरच्या काही तरुणांनी 'बेडरूम्स आर फॉर पीपल' या नावाने जितक्या बेडरूम तितके अधिक एक माणूस राहू द्या असा प्रस्ताव मतदानाला आणला. तो थोड्या मतांनी पडला. विरोधकांचा युक्तिवाद असा की मर्यादा उठवली तर गुंतवणूकदार घरे विकत घेतील आणि खाटेमागे भाडे लावतील, कुटुंबे हुसकली जातील. यात तथ्याचा अंश आहे. पण मर्यादा असताना गॉस-ग्रोव्हची जुनी वस्ती टिकली का? लिटल रेक्टँगलमधली बहुतेक कुटुंबे केव्हाच गेली, आणि तिथे विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेली घरे आली. मर्यादेने कुटुंब वाचत नाही, मालकाचा भाव वाचतो. २०२३ मध्ये नगर परिषदेने मर्यादा पाचवर नेली. २०२४ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी राज्यभरासाठी कायद्यावर सही केली आणि १ जुलै २०२४ पासून कोलोरॅडोतल्या कोणत्याही गावाला नात्याच्या निकषावर राहणाऱ्यांची संख्या ठरवता येत नाही. आग, आरोग्य, सुरक्षा यांचे नियम कायम आहेत, ते असावेतच. मार्शल यांनी १९७४ मध्ये सांगितलेले कोलोरॅडोला पटायला ५० वर्षे लागली.

त्यामुळे आज जाणाऱ्याने एवढे जरूर करावे: भाडेकरारावर आपले नाव घालून घ्यावे. जुन्या सवयीने अजूनही 'नाव नको, असाच राहा' म्हणणारे भेटतील, त्यांना नकार द्यावा. मात्र सही करताना एक कलम वाचावे. बहुतेक करारांत सगळे मिळून आणि प्रत्येक जण एकट्यानेही पूर्ण भाड्याला जबाबदार असतो. एक सोबती पळाला तर त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो. कोलोरॅडोत डिपॉझिट एका महिन्यात परत करावे लागते, करारात लिहिले असेल तर जास्तीत जास्त ६० दिवसांत. जाणूनबुजून अडवले तर तिप्पट भरपाईची तरतूद आहे. घरातून काढण्याचा दावा झाला तर बोल्डरमध्ये भाडेकरूला फुकट वकील मिळतो. त्यासाठी २०२० मध्ये मतदारांनी घरमालकांच्या परवान्यावर कर बसवला. ही गोष्ट फार थोड्या भारतीय विद्यार्थ्यांना ठाऊक असते. लाँगमाँट, लाफायेट अशा शेजारच्या गावांत भाडे तुलनेने कमी असते आणि बस आहे. बोल्डरमध्ये काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक असेच बाहेरून येतात. ज्यांच्यामुळे गावाची हॉटेले, दवाखाने आणि वर्गखोल्या चालतात त्यांची रात्र गावाबाहेर जाते.

कायद्याने मर्यादा उठली तरी घरे वाढलेली नाहीत, म्हणून भाडेही लगेच उतरलेले नाही. बोल्डरमधले विद्यार्थ्यांचे भाडेकरार ऑगस्ट ते ऑगस्ट असतात आणि चांगल्या, परवडणाऱ्या घरांची बोलणी आदल्या हिवाळ्याच्या आधीच सुरू होतात. आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण उन्हाळ्याच्या अखेरीस मागवले जातात, यादी त्यानंतर लागते. यादीत नाव येईपर्यंत आपल्या मुलाच्या हातात डिपॉझिटचे पैसे नसतात. पैसे येतात तेव्हा गावात उरलेली असते ती तळघरातली, सगळ्यांनी नाकारलेली खोली, आणि तिचे भाडे वरच्या खोलीइतकेच असते. हप्त्याची पहिली रक्कम प्रवेशपत्र हाती येताच द्या, ही मागणी समाजकल्याण खात्याकडे लावून धरायला बोल्डरच्या मतदारांची परवानगी लागत नाही.